डाव्या हाताचे ठसे

"सात दिवसांच्या वर लावायचं नाही हं हे. आणि बरं व्हायच्या ऐवजी खाज वाढली, तर समजायचं की मलमच सोसत नाहीये. बंद करायचं. आणखी थापायचं नाही."

औषधाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं ट्यूब कागदी पिशवीत घालता घालता तिला बजावलं होतं.

"काका, मी बीएस्सी आहे," ती म्हणाली.

"असाल हो. पण मलमाला कुठं माहीत आहे ते?"

रांगेत मागे उभा असलेला कुणीतरी फिस्सकन हसला. तिनं पिशवी जवळजवळ हिसकावूनच घेतली, आणि रस्ता ओलांडेपर्यंत म्हाताऱ्याचं बोलणं तिच्या डोक्यातून गेलंही. डोक्यात तेव्हा जागाच नव्हती. घरी सहा महिन्यांची मुलगी होती. तिला नुकतंच वरचं खाणं सुरू केलं होतं, आणि वाटी, चमचा, बाटली, खेळणी, जमीन, सगळं धुऊन धुऊन आईच्या हाताची पार सालं निघाली होती. मुलीला उचलायच्या आधी हात धुवायचे, उचलून ठेवल्यावर धुवायचे, दाराला कडी घातली की धुवायचे. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. लिंबू पिळलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्यासाठी ते मलम.

दोन दिवस छान गार वाटलं. मग चिरांच्या कडेनं खाज सुटली. खाज सुटली म्हणून तिनं मलम जरा जास्त लावलं. ट्यूब संपली, दुसरी आणली. सात दिवसांचे सात आठवडे कधी झाले, ते तिला कळलंही नाही.

ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाची नोकरी करायची. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, किती उगवल्या ते मोजायचं, लिहायचं. काम बारकाईचं, आणि तिचा स्वभावही तसाच. सकाळी आठ ते एक ती प्रयोगशाळेत असे, तेव्हा मुलीला आत्या सांभाळायची. आत्या म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. पंचेचाळिशीची, एकटी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. एका ड्राय क्लीनिंगच्या दुकानात दुपारी दोन ते नऊ डाग काढायचं काम करायची. शाई असो, वंगण असो, रक्त असो, कपडा टेबलावर पसरून नुसत्या नजरेनं सांगायची, हे काय आहे आणि निघेल की नाही. मुलीचं "गोटी" हे नावही तिनंच पाडलेलं, टपोऱ्या डोळ्यांवरून.

गोटी आत्याकडे वाटीभर भोपळा मिटक्या मारत खायची. आत्या चमचा समोर धरायची आणि स्वतःच मोठा आ करायची. तिचं बघून पोरगी पण आ करायची, की चमचा आत. आईकडे मात्र ओठ घट्ट मिटून बसायची. मग आई डाव्या हातानं तिचं तोंड धरायची आणि उजव्या हातानं चमचा सरकवायची. याचं तिला वाईट वाटे, थोडा रागही येई. पण आत्या आयती मिळाली होती, प्रेमाची होती, तेव्हा राग गिळून टाकायचा.

गोटी आठ महिन्यांची झाली आणि तिच्या गालांवर पुरळ उठलं. लाल, खरखरीत, बारीक पुटकुळ्यांचं. पोरगी गाल उशीवर घासू लागली, नखं लावू लागली.

"लाळेनं होतं. दात येताहेत," जवळच्या डॉक्टरनं सांगितलं.

आईला ते पटलं नाही. तिनं वही केली. मुलीला जे जे लागतं, जे जे पोटात जातं, त्याची यादी. साबण, कपडे धुवायची पावडर, तेल, भोपळा, बटाटा, नवी चादर, लोकरीचं टोपडं, शेजारणीचं मांजर, शेजारीण. सदतीस नोंदी झाल्या. प्रयोगशाळेतली शिस्त अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा. तिनं साबण बदलला. तीन दिवस थांबली. पावडर बदलली. तीन दिवस थांबली. मांजराला दार बंद झालं, शेजारणीलाही जवळजवळ झालंच. पुरळ हटेना. मलमाची ट्यूब यादीत नव्हती, कारण ते मोठ्यांचं औषध. मुलीला ते लावायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि ती स्वतःही यादीत नव्हती.

नवरा वही चाळून म्हणाला, "यात मी चौतिसावा आहे, मांजराच्या खाली."

"तू लिफ्टच्या खड्ड्यात काम करतोस. तिथलं वंगण कपड्यांना असतं."

"बरं. आंघोळ करून येतो, मग मांजराच्या वर सरकव मला."

ती हसली नाही. हसू यायचे दिवस नव्हते ते. रस्त्यावरच्या बायका गाडीत वाकून बघायच्या आणि "अगं बाई, काय झालं हिला?" म्हणायच्या, तेव्हा तिला वाटायचं की सगळं जग आपल्या हातच्या कामाला शून्य गुण देतंय.

एका सुट्टीच्या दिवशी आत्या खिडकीपाशी गोटीला मांडीवर घेऊन बसली होती. ऊन तिरपं येत होतं. नवरा स्टुलावर चढून पडद्याचा दांडा बसवत होता.

"इकडे ये गं जरा," आत्या म्हणाली. "मी आठवडाभर बघतेय. हे लाळेचं नाही. लाळ खाली ओघळते. हनुवटी खराब झाली असती, गळा झाला असता. हनुवटी बघ, लोण्यासारखी आहे."

"मग?"

"आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं, कोटावर आपोआप डाग पडला. आपोआप काही पडत नसतं. कड बघायची. सांडलेलं असेल तर पसरत जातं. लागलेलं असेल तर जिथं लागलं तिथंच बसतं. हे लागलेलं आहे." तिनं गोटीचा चेहरा उजेडाकडे वळवला. "या गालावर एकच मोठा ठिपका. त्या गालावर तीन, एकाखाली एक. दिसतंय? बोटं आहेत ही. कुणीतरी हिचं तोंड धरतंय, आणि त्या हाताला काहीतरी आहे."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी नेमकं काही बोललं होतं.

आत्यानं आपला हात गोटीच्या चेहऱ्यासमोर हवेत धरून पाहिला, मग दुसरा धरून पाहिला. "अंगठा हिच्या डाव्या गालावर येतोय. म्हणजे समोरून धरणाऱ्याचा डावा हात."

"डावा?"

"डावाच."

घरात डावखुरं माणूस एकच होतं. ते चहाचा कप डाव्या हातात धरायचं, सही डाव्या हातानं करायचं, डाग काढायचा ब्रश डाव्या हातात धरायचं.

"ताई," ती म्हणाली, "डावखुऱ्या तुम्ही आहात."

आत्या हसली. तिला वाटलं, चेष्टाच आहे.

"आणि तुमच्या हाताला रोज ती डाग काढायची औषधं लागतात. वास जात नाही त्यांचा. मी कधी बोलले नाही."

"अगं, मी दोनदा साबण लावून, घासून मगच..."

"काय बोलतेयस तू?" नवरा स्टुलावरून खाली उतरला.

"मी कुठं बोलतेय? त्याच म्हणाल्या, बोटं आहेत. त्याच म्हणाल्या, डावा हात."

खरं तर इथं एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. डावखुरं माणूस भरवताना चमचा कुठल्या हातात धरतं, आणि मग तोंड धरायला त्याच्याकडे कुठला हात उरतो? बीएस्सीला पहिल्या वर्गात आलेल्या बाईला तो सुचला नाही. नवऱ्याला सुचला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सुचायला हवा होता, ती आपल्या डाव्या हाताकडे बघत बसली होती. तळवा उलटा करून, मग सुलटा करून, कुणा गिऱ्हाइकानं आणून टाकलेला कपडा असावा तशी.

"असेल बाई," आत्या शेवटी म्हणाली. "मला मेलीला काय कळतंय? मी आपली कपड्यांची."

तिनं गोटीला वहिनीच्या हातात दिलं नाही. गादीवर ठेवलं, आणि ठेवताना तळवे लागू न देता, दोन्ही मनगटांमध्ये धरून ठेवलं. गोटीला तो नवा खेळ वाटला. ती खिदळली.

दुसऱ्या दिवसापासून आत्या यायची बंद झाली. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण ये असंही कुणी म्हटलं नाही. आईनं प्रयोगशाळेतून तीन आठवड्यांची रजा घेतली.

आणि पुरळ गेलं! दहा दिवसांत गाल कसे स्वच्छ झाले. तिनं वहीत लाल शाईनं लिहिलं, "आत्या बंद. पुरळ बंद." खाली दोन रेघा ओढल्या. त्याच दहा दिवसांत मलमाची ट्यूब संपलेली होती, औषधाचं दुकान रंगकामासाठी बंद होतं, आणि हातही जरा बरे वाटत होते म्हणून दुसरीकडून आणायचं राहून गेलं होतं, हे तिनं कुठंच लिहिलं नाही. प्रयोगशाळेत शंभर बियांचे चार संच लावल्याशिवाय कुणी निकाल लिहिला, तर हीच बाई त्याला फैलावर घ्यायची. इथं एकाच संचावर तिनं एका माणसाचा निकाल लावला.

रजा संपली. नवऱ्यानं दुपारची पाळी मागून घेतली, सकाळी तो गोटीपाशी थांबू लागला. औषधाचं दुकान उघडलं. पाण्याचं काम वाढलं, चिरा पुन्हा डोकावल्या, तिनं नवी ट्यूब आणली. तिसऱ्या दिवशी गोटीच्या गालांवर पुरळ. पहिल्यापेक्षा लाल.

तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग. हिला ताईंकडे नेलं होतंस?"

तो पाणी पीत होता. पेला खाली ठेवायला त्यानं फार वेळ लावला. "शनिवारी. पाच मिनिटं."

"वाटलंच मला."

"अगं, दुकानाबाहेर उभा राहिलो. काचेच्या बाहेर. ताई आतून बघत होती. दार उघड म्हटलं, तर मानेनं नाही म्हणाली. काचेलासुद्धा हात लावला नाही तिनं. दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती. नुसता आ करून दाखवला गोटीला, आणि ही पण..."

"काचेतून पुरळ येत नाही."

"तेच सांगतोय मी तुला!"

"म्हणजे तू खोटं बोलतोयस."

नवरा नळाकडे वळला. पेला विसळून पालथा घातला आणि कामाला निघून गेला. तिनं आत्याला फोन लावला. दुकानात दुपारची वेळ होती; मागे वाफेच्या इस्त्रीचा फुसफुस आवाज येत होता.

"ताई, एक मागते, द्याल? माझ्या मुलीपासून लांब राहा."

"मी हात नाही गं लावला तिला. खरंच."

"मग पुन्हा कसं आलं? तुम्हाला नाही कळायचं, आईला काय होतं ते. तुम्हाला स्वतःचं असतं, तर दुसऱ्याच्या..."

वाक्य पुरं झालं नाही. व्हायची गरजही नव्हती. पलीकडे इस्त्री फुसफुसत राहिली.

"बरं," आत्या म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, गिऱ्हाइकाला 'मंगळवारी मिळेल' म्हणावं तसा. "मी इथं आहे तोवर तुला दुसरं काही दिसायचं नाही. आणि पोरीचं खरं कारण तसंच राहून जाईल. मी लांबच जाते."

आठवड्याभरात ती गेलीसुद्धा. दुसऱ्या शहरात एका हॉटेलच्या धुलाईखात्यात काम मिळालं, एवढं भावाला कळवून. आणि पुरळ होतं तिथंच होतं.

तेव्हा कुठं ती त्वचारोगाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. नवरा शेजारी बसला होता. गोटी डोकं हलवत होती, स्थिर राहीना, म्हणून आईनं सवयीनं डाव्या हातानं तिचं तोंड धरलं आणि उजेडाकडे केलं.

"हात हलवू नका," डॉक्टर म्हणाल्या. "तसाच ठेवा."

ती थांबली.

"आता एकेक बोट उचला."

तिनं अंगठा उचलला. त्याच्याखाली मोठा लाल ठिपका. पहिलं बोट उचललं. दुसरं. तिसरं. खाली एकेक, एकेक, मापात शिवल्यासारखे. नवरा खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

"तुमचे हात दाखवा बरं. कधीपासून आहे हे?"

"चिरा आहेत. पाण्यानं होतात."

"पाण्यानं झाल्या असतील, तर केव्हाच भरायला हव्या होत्या. ही लाली, या पुटकुळ्या पाण्याच्या नाहीत. काय लावता?"

तिनं पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

तपासणी आईच्या पाठीवर झाली. वेगवेगळी औषधं लावलेल्या छोट्या छोट्या चकत्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिल्या. बाकीच्या जागा कोऱ्या होत्या. मलमाची आणि त्यातल्या एका औषधाची जागा लाल होऊन टरारून फुगली होती. मुलीवर इतक्या लहान वयात डॉक्टरांनी चकत्या लावल्या नाहीत. मलम घरातून बाहेर काढा, गाल बरे झाले तर तेच कारण, म्हणाल्या. गाल बरे झाले. हातही झाले.

"पण मी तिला कधीच लावलं नव्हतं हो," ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"तुम्ही हाताला लावत होतात. हात तिला लावत होतात," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मलमानं जे उठत होतं, त्यावर पुन्हा तेच मलम. असं माझ्याकडे नेहमी येतं. मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका म्हणे. बाहेर जिन्यात नवरा एवढंच म्हणाला, "ताईला फोन कर."

"तू कर ना."

"मी कशाला? मी काय बोललो होतो तिला?"

तिनं केला. नंबर बंद होता. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशी बंद. हॉटेलात फोन लावला, तर तिथला मुकादम म्हणाला, "ती बाई? तीन आठवडे होती. हातानं काम होईना म्हणून गेली. कुठं ते नाही माहीत." नवरा रजा काढून त्या शहरात जाऊन आला. चार दिवस हिंडला, रिकाम्या हातानं परतला. आता तो घरात बोलतो. पण मीठ, चावी, गॅस, एवढंच बोलतो.

ती एकदा ड्राय क्लीनिंगच्या दुकानात गेली. मालकीणबाई कपड्यांवर चिठ्ठ्या टाचत होत्या. आधी ओळखच दाखवेनात.

"तुमचंच मूल ना ते? काचेतलं?"

"हो."

"इथून जायच्या आधी काय काय करत होती माहीत आहे? सोड्यानं हात घासायची, कपड्याच्या ब्रशनं. मी म्हटलं, अगं, चामडं आहे ते, सतरंजी नव्हे. तर म्हणाली, माझ्या हातात काहीतरी आहे, लेकराला बाधतं." मालकीणबाईंनी टाचणी दातांत धरली, काढली. "हात सोलवटून निघाले. मग कसलंसं मलम आणलं. मी नाव विचारलं, तर म्हणाली, वहिनी लावते हेच. तिच्या हातांनी लेकराला काही होत नाही, म्हणजे चांगलंच असणार. दिवसातून चार चार वेळा लावायची. उलट लालच होत चालले होते. जितकी खाज, तितकं मलम."

हे शेवटचं वाक्य गोटीच्या आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सांगितलं नाहीत तुम्ही तिला, बंद कर म्हणून?"

"मी सांगणार? मला काय माहीत? माहिती होती ती तुमच्या घरात." मालकीणबाई पुढच्या कपड्याकडे वळल्या. "पावती असेल तर द्या, नाहीतर बाजूला व्हा. मागे गिऱ्हाईक आहे."

गोटी आता दीड वर्षाची आहे. गाल तुळतुळीत आहेत. ओठ मिटून बसली, तर आई तिचं तोंड धरत नाही. वाटी उचलून नेते. आ करून दाखवायचा प्रयत्न तिनं एकदोनदा केला. जमलं नाही.

वहीत आता एकच यादी आहे, धुलाईच्या दुकानांची. रोज दोन-तीन ठिकाणी ती फोन लावते. काही जण नीट बोलतात, काही जण "इथं अशी कुणी नाही" म्हणून फोन आदळतात. एकटीच्यानं किती होणार? म्हणून तिनं हे तुमच्यापुढे ठेवलं आहे, आणि तिचं एक मागणं आहे.

तुमच्या भागात हॉटेल असेल, इस्पितळ असेल, कोपऱ्यावर कपडे धुवायला देण्याचं दुकान असेल, तर एकदा मागच्या खोलीत डोकवा. डाग काढायच्या टेबलापाशी पंचेचाळिशीची बाई असेल, ब्रश डाव्या हातात धरणारी, तर आधी तिचे हात बघा. ती मागे घेईल, दाखवणार नाही, तरी बघा. लाल असतील, सोलवटलेले असतील, तर म्हणावं, ते मलम आजच्या आज टाकून द्या आणि त्वचेच्या डॉक्टरकडे चला. शक्य असेल तर सोबत जा. एकटी जाणारी नाही ती. आणि पुरळ कुणाच्या हातानं आलं होतं, तेही सांगा. ती आपण होऊन विचारणार नाही.